आता पाय लावायचा न्हाय

हॅलो?… हॅलो… व्हय, डॉक्टरांचंच घर. डॉक्टर न्हाईत, व्हिजिटला गेल्यात… मी मथुराबाई, त्यांच्या घरातली… काय? ट्रंक कॉल? सोलापूरलाच न्हवं? मग जोडा की, जोडा…

हॅलो?… मोठ्यांदा बोला, नुसती खरखर येतीया… कोण?… माला! अगं, तू व्हय! काळजात धस्स झालं माझ्या. ट्रंक कॉल म्हणलं की आदी वंगाळच येतं मनात… समदं बरं हाय न्हवं?… आन् बोलतीस कुटनं?… कारखान्याच्या हापिसातनं! तुला कोणी हात लावू दिला फोनला?… मॅनेजरच्या बाई हायत संगं. बरं बरं.

पत्र?… व्हय, पोचलं. मंगळवारीच पोचलं… अगं ऐक ना… लिवणारच हुते उत्तर… न्हाय गं, राग कशाचा?… हे बग, असं बोलू नगंस. डॉक्टरची बायको झाले म्हणून काय शिंगं फुटली व्हय मला? आजवर पाय लावायला कुणाला न्हाय म्हणलेय? दवाखान्यात म्होरल्या दारानं ह्यांच्याकडं चार माणसं येत्यात, आन् मागल्या दारानं माझ्याकडं सहा. कुणाची पाठ धरली, कुणाला उसण भरली, की चला पायाळू बाईकडं. पायाकडनं जन्माला आले, त्यात माझी काय करामत? आईलाच तरास झाला असंल तवा…

व्हय, वाचलं की. तीनदा वाचलं. ‘श्रीमंतरावांच्या छातीत उसण भरलीया, पाठीत निघतीया, आक्का तू येऊन पाय लावून जा’… मग का लिवलं न्हाय म्हणजे… टाक हातात घेतला की हात थांबायचा… ते फोनवर कसं सांगू तुला…

काय?… आता गरज न्हाय? का?… कोण केराबाई?… ऊसतोडीच्या टोळीतली. पायाळू हाय ती?… आन् तिनं पाय लावला. कवा?… काल सांजच्याला. तीनदा… बरं… आन्?… बरं वाटलं. लगेच?

थांब, माला. जरा थांब. पाय लावायच्या वक्ताला ते किती वेळ पडून हुते?… अगं, अंदाजानं सांग… पालथं पडलेले, अर्धा तास. उठले तवा दुखणं गेलेलं… व्हय… व्हय. कसं बरं वाटतं ते ठाऊक हाय मला.

आता कुटं हायत तुजे मालक, श्रीमंतराव?… मोळी? आजच हाय मोळी टाकायची?… व्हय की, हंगाम सुरू व्हायचाच हुता. मुहूर्त किती वाजता?… साडेधा. थांब, घड्याळ बगते… नऊ वाजून चाळीस मिनटं झाल्यात.

उसाची पयली मोळी कोण टाकणार?… ते व्हय. शेतकीचे मुख्य म्हणजे मान त्यांचाच… डोक्यावर घेऊन? जिना चढून?… किती पायऱ्या हायत?… अगं, मनात मोज की… वीस-बावीस. लोखंडी.

माला, मी काय सांगते ते ऐक. त्यांना चढू देऊ नगंस… न्हाय, चेष्टा करत न्हाय… न्हाय गं, केराबाईचा कशाला हेवा करू? तिचा पाय सोन्याचा असू दे. मी इचारते त्याची उत्तरं दे फक्त. हे जे दुखतंय, ते कवा दुखतं? बसल्या जागी का चालताना?… चढावर. बंगल्याच्या चढावर… आन् मधी उबं राह्यलं की?… थांबतं. मग परत चालले की परत… व्हय… जेवण करून लगेच निघाले तर जास्ती… हातात उतरतं का? कुठल्या?… डाव्या. करंगळीपतुर.

आता नीट आठवून सांग. दुखतं तवा ते हात कुटं ठेवत्यात?… तसं न्हवं, बोट लावून दाखवत्यात, का… मूठ? छातीच्या मधोमध, आख्खी मूठ?

…

हाय, हाय, हितंच हाय मी. न्हाय, लाईन न्हाय तुटली. दारात ह्यांची मोटार दिसतीया का बगत हुते.

माला, ही उसण न्हवं गं. उसण भरलेला माणूस बोट ठेवून दाखवतो, हितं म्हणतो. कूस बदलली की कळवळतो, श्वास घेतला की कळवळतो. पायऱ्या चढल्यावर येती आन् उबं राह्यल्यावर जाती, अशी उसण नसती. चाळीस वरसं पाय लावते मी लोकांना, आन् ही गोष्ट मला आत्ता कळलीया, आठ दिवसांमागं…

कोण?… एक्स्चेंज? व्हय हो, ऐकू आलं, तीन मिनटं झाली. चालू ठेवा. अजून तीन मिनटं द्या… हॅलो, माला, हायस न्हवं?

तुला जोतीराम आठवतोय का? मिलमधला, साळखात्यातला जॉबर, माग नीट लावून देणारा, आमच्या मागल्या चाळीतला. तुज्या वास्तुशांतीला बत्त्या घेऊन आलता बग, उंच, मिशीवाला… व्हय, तोच. गोऱ्यांच्या मार्शल लॉच्या साली समदी गल्ली दारं लावून बसली हुती, तवा हा भाजी आणून द्यायचा समद्यांना. तो गेला… म्हणजे वारला, माला. गेल्या गुरुवारी, आठ दिस झाले.

सांगते ना, सांगते. तो सकाळी आला माझ्याकडं, कामावर जायच्या आदी. म्हणला, वैनी, उसण भरलीया, काल पाळीवर पण दुखली, पाय लावा. आन् मूठ अशी छातीवर. मी ती मूठ बगितली, माला. ह्या डोळ्यांनी बगितली. तुजे दाजी दवाखान्यात म्होरंच बसले हुते, मधी एक पडदा. म्हणावं न्हाय का, आदी डॉक्टरला दाखीव? म्हणलं न्हाय. मला वाटलं, उसण ती माझी, ह्यांना काय कळतं त्यातलं.

पालथा निजवला त्याला. तीनदा पाय लावला, बोलले न्हाय, मागं बगितलं न्हाय, समदं रीतीनं केलं. तो तसाच पडून राह्यला घटकाभर. उठला तवा हसला. म्हणला, गेली बगा वैनी, जादू हाय तुमच्या पायात. मी म्हणलं, जा आता खुशाल कामावर.

मी म्हणलं जा, माला. मीच म्हणलं.

भोंगा झाला, तो मिलचा जिना चढला, आन् वरच्या पायरीवर बसला तो बसलाच.

… हूं… हूं… न्हाय, रडत न्हाय मी. ते आता झालं रडून.

मग पंचनामा झाला, सरकारी दवाखान्यात नेला. चिरफाड करणाऱ्या डॉक्टरांनी ह्यांना बोलावलं हुतं, ते बगायला गेले. घरी आले ते जेवले न्हाईत. मला म्हणले, बस हितं. काळजाला सोताला रक्त लागतं, ते पुरवायला दोन नळ्या असत्यात, गव्हाच्या काडीएवढ्या. जोतीरामाच्या त्या नळीवर सुरी फिरवली तर करकर वाजली. आतनं चुना साचलेला… व्हय, चुना. हाडागत कडक… अगं, आपल्या बंबाची नळी बग की. सोलापूरच्या हिरीचं पाणी वरसभर तापवलं की आतनं पांढरं कवच धरतं, अन् धार बारीक हुत जाती. तसंच. नळी अर्धी-पाऊण बुजलेली, अन् त्या खरबरीत जागी रक्ताची एवढीशी गुठळी अडकली. झालं. पुढं रक्तच न्हाय…

पानातला?… मी पण हेच इचारलं बग त्यांना! हसले न्हाईत ते. म्हणले, तो चुना न्हवं, खाल्लेला तितं जात न्हाय. हे आतल्या आत, वरसानुवरसं साचत जातं, माणसाला पत्ता नसतो. तरी मी पानाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, काय सांगावं.

मग मी त्यांना सांगितलं. सकाळी आलता म्हणलं, पाय लावला म्हणलं, बरं वाटलं त्याला. रागावतील वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणले, मथुरा, त्याला पायानं बरं न्हाय वाटलं, पडून राह्यल्यानं वाटलं. काळजाला इसावा मिळाला की कळ थांबती. कुणाचाबी पाय लावला असता, न्हाईतर न लावता नुसता निजवला असता, तरी थांबलीच असती.

कळलं का तुला? दुखणं थांबलं निजण्यानं, अन् नाव झालं माझ्या पायाचं. अन् बरं वाटलं म्हणून तो जिना चढला. दुखत असतं तर घरी तरी राह्यला असता गं.

तवापासनं ठरवलंय, आता पाय लावायचा न्हाय. कुणालाच न्हाय. परवा गुरम्मा आली कंबर धरून, तिलाबी परत धाडली. शिव्या घातल्या तिनं कन्नडमधनं. म्हणून तुजं पत्र तसंच राह्यलं. काय लिवणार हुते? पाय लावत न्हाय लिवावं, तर का म्हणून इचारशील. आन् का म्हणून ते… आता कळतंय, पत्र आलं तवाच गाडीत बसाय पायजे हुतं मी. माझंच चुकलं. लाज वाटली मला, म्हणून गप बसले.

काय म्हणलीस?… कोण, आप्पा?

… व्हय. खळ्यावरच गेले आपले वडील… व्हय, दोन दिस आदी त्यांची छाती धरली हुती… आईनं मलाच उबी केलती त्यांच्या पाठीवर. नऊ वरसांची हुते मी. तू पाळण्यात… ते मला इचारू नगंस, माला. आठ दिस मी तेच इचारतेय मला सोताला. आप्पांची मूठ कुटं हुती, ते आठवत न्हाय. पाठच आठवती फक्त, घामानं ओली.

ते राहू दे आता. श्रीमंतराव हायत अजून. हायत न्हवं? मग जा. उठ, अन् पळ. फोन ठेवू नगंस, बाजूला ठेव नुसता. जिन्याजवळ असतील तर जिन्याजवळ, पूजेत असतील तर पूजेतनं उठीव. सांग, आक्काचा ट्रंक कॉल हाय, हितं या म्हणलीया. आजारपणाचं बोलू नगंस चार माणसांत, न्हाईतर मुद्दाम चढतील… लाजायला काय झालं? मी लाजले म्हणून तर एवढा उशीर झालाय. जा!

…

हॅलो… व्हय एक्स्चेंजवाले, चालूच हाय… बोलत न्हाय कुणी म्हणजे? बोलवायला गेल्यात माणसं. तोडू नका, बाबा. पाया पडते तुमच्या, तोडू नका. अजून तीन, मग अजून तीन, किती लागतील तेवढी द्या.

… सनई वाजतीया तितं. गाड्यांचे बैल…

अहो! आलात व्हिजिटवरनं? बरं झालं, बरं झालं. चपला राहू द्या पायात. मालाचा फोन हाय, श्रीमंतरावांना… व्हय, तसंच. चढावर दुखतं, डाव्या हातात उतरतं, मूठ छातीवर… पंधरा दिस झाले म्हणं. न्हाय, त्यांना हितं आणायचं नगं? हलवायचंच न्हाय… बरं. आडवं निजवायचं, उशी उंच… तुमीच बोला की मग… माझं ऐकतील व्हय ते? तुमचं तर त्याहून ऐकत न्हाईत. मागं तुमी तंबाखू सोडा म्हणला तर तुमच्याच म्होरं मळली हुती त्यांनी… थांबा, कोण तरी आलं.

हॅलो?… हॅलो, कोण?… पाव्हणं! व्हय, मीच, मथुरा… आमी समदी बरी हाय. तुमीच सांगा तुमचं… ठणठणीत. काल पाय लागला, ऐकलं मी… व्हय व्हय, मालाचं डोकं फिरलंय, अन् तिच्या आक्काचं त्याहून. तुमी दम का टाकताय पण?… पळत आलात. फोन हाय म्हणून पळत आलात. बरं, आदी बसा. बसलात?

पाव्हणं, ही उसण न्हवं. डॉक्टर हितं माझ्या शेजारी उबे हायत, ते म्हणत्यात की काळजाची नळी… हसा. हसून घ्या… बाप्या माणसाला भ्या दाखवत न्हाय मी. जोतीरामबी बाप्याच हुता की… तुमाला ठाऊक न्हाय, माला सांगंल मागनं… न्हाय, दहा मिनटांचं काम म्हणून न्हाय. वीस पायऱ्या म्हणून… मान हाय, कळतंय मला. समदी जमल्यात, कळतंय…

हूं… हूं… काय म्हणलात?

माझा पाय?… केराबाईनं बरं वाटलं, पण थोडं राह्यलंय. कुटं राह्यलंय?… आत्ता, पळत आल्यावर. दुखतंय का आत्ता, पाव्हणं?… थोडं. थोडं म्हणजे दुखतंय.

थांबा. एक मिनट थांबा.

… हे बगा, पाव्हणं. आता मी डॉक्टरची बायको म्हणून बोलत न्हाय. पायाळू म्हणून बोलते. तुमचा इश्वास हाय न्हवं माझ्या पायावर? मग ऐका. एका उसणीला एका पायाळूचा पाय लागला, अन् थोडी राह्यली, तर ती आत फिरती. मग दुसऱ्या पायाळूचा पाय लागंपतुर माणसानं उठायचं नसतं. पायरी चढायची न्हाय, ओझं उचलायचं न्हाय, जमिनीला पाय लावायचा न्हाय. लावला की गुण गेला, मग माझ्याकडनंबी हुणार न्हाय… रीतच हाय तशी. आमच्या आईनं सांगितल्याली… केराबाईला ठाऊक नसंल. नवी हाय ती. माझी चाळीस वरसं गेली ह्यात.

येते की. आत्ता निघते. मोटारीनं, दुपारपतुर पोचते… डॉक्टर व्हय? ते येणारच. मोटार कोण चालवणार, मी?… येतील अन् बसतील एका बाजूला, तुमी नका त्यांच्याकडं बगू.

मोळी? मोळी टाकंल की कोण तरी. तुमचा तो मुकादम, आण्णा, त्याला द्या. जन्म गेला त्याचा ऊस तोडण्यात, एकदा तरी त्याला वर चढू दे. तुमी मान दिला म्हणून गाव नाव काढंल तुमचं… बगा, पटलं की न्हाय. मग व्हा आडवं. आत्ताच, हापिसातच. बाक हाय न्हवं तितं?… असू दे साहेबाचा. मालाकडं द्या फोन अन् आडवं व्हा.

माला? झाले का आडवं?… डोक्याखाली काय तरी दे… वह्या दे, चोपड्या दे, काय असंल ते. सदऱ्याची बटणं सोड. घाम आलाय का?… गार हाय का हात?… बरं. आता ऐक, डॉक्टर इचारत्यात, कारखान्यात कंपाउंडर हाय का?… हाय. त्याला बोलीव, म्हणावं रुमालात फोडून हुंगायच्या काचेच्या कुप्या हायत का. त्याला कळंल. असतील तर एक फोडून नाकाशी धरायची. वास उग्र येतो, चेहरा लाल हुतो, भिऊ नगंस… अन् उठू द्यायचं न्हाय. मुतायलाबी न्हाय, भांडं दे. सनई वाजू दे, मोळी पडू दे, साहेब येऊ दे, उठायचं न्हाय. इचारलं कुणी तर सांग, पायाळूची रीत हाय… खोटी हाय गं. आत्ता रचली मी. तू खरी म्हणून सांग.

काय म्हणत्यात?… डोळे मिटल्यात. अन् कळ?… थांबत आलीया. व्हय, थांबंल. आडवं पडलं की थांबती. ह्यावर भुलू नगंस, माला. बरं वाटतंय म्हणले तरी सोडू नगंस, मी तुला काय सांगितलं ते… हॅलो?… हात धरून बस त्यांचा. तो डावा… हॅलो, माला?… माला?

हॅलो… एक्स्चेंज?… तुटलं? जोडा की परत… तितनं कुणी उचलत न्हाय… बरं. ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे, मी जातेच हाय तितं.

अहो, घेतली का बॅग? ती मॉर्फिया का काय ते घ्या, अन् त्या कुप्या आपल्याबी घ्या… व्हय, चढले न्हाईत. निजल्यात बाकावर… काय बगताय असं? व्हय, म्हणले मी तसं, अन् लावणारबी हाय पाय. शबूद दिलाय… माझा नेम मला ठाऊक हाय. जोतीरामाला लावला तवा मला समदं खरं वाटत हुतं. आज खोटं हाय हे कळून लावायचाय. तीन बार लावीन, अन् त्यांना सांगीन की आता म्हयनाभर अंथरूण सोडायचं न्हाय, रीत हाय. मग तुमी तुमचं काम करा… चला, मोटार काढा. मी मागलं दार लावून येते.